चित्रकलेचा तास परत मागू या
(जत येथे पालक-शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी चित्रकला शिकवते. आमच्या विषयाचा तास वेळापत्रकात असतो, पण वर्गात बहुधा गणित किंवा इंग्रजीच चालू असते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा जवळ आल्या की आमची आठवण होते, कारण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. गुण मिळावेतच. पण तेवढ्यासाठीच कला शिकायची असेल, तर मूल दहावीनंतर पेन्सिल खाली ठेवणार.

जतमध्ये काय शिकवता येईल, ते सांगते. आपला तालुका विजापूरला लागून आहे. मुलांना परकार द्या. एक वर्तुळ काढायला सांगा, त्यात एक चौरस. मग त्याच वर्तुळात दुसरा चौरस 45 अंशांनी फिरवून. आठ टोकांचा तारा तयार होतो. यानंतर सहल गोलघुमटाला न्या आणि मुलांना खाली उभे करून वर पाहायला सांगा. एकमेकींत गुंतलेल्या आठ कमानींनी हाच तारा तिथे रचला आहे. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायची ती युक्ती आहे. 1656 साली पूर्ण झालेली ही इमारत मग मुलांसाठी फक्त आवाज घुमवायची जागा राहत नाही.

दुसरा धडा अक्षरांचा. आपल्या एकाच वर्गात मराठी, कन्नड आणि उर्दू जाणणारी मुले बसतात. बोरू तासा, शाई द्या आणि प्रत्येकाला आपले नाव तिन्ही लिप्यांत काढू द्या. देवनागरी शिरोरेषेला लटकते, कन्नड गोल वळते, उर्दू उजवीकडून येते. त्या तासाला शेजारच्या बाकावरचा मुलगाच शिक्षक होतो. सलोख्यावर मी वेगळे भाषण देत नाही.

आता अवघड गोष्ट. आठवीतल्या एका मुलीने भाकरी थापणारी आई काढली होती. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. म्हणाले, "बाई, तिला फुलं-पानं काढायला सांगा. माणसं नकोत. आपल्यात चालत नाही."

मी त्यांची थट्टा केली नाही, कारण त्यांचा संकोच खरा होता. मी म्हटले, "भाई, विज्ञानाच्या वहीत तिला माणसाचं हृदय काढावं लागतं. तुमच्या खिशातल्या आधार कार्डावर तुमचा फोटो आहे. दुसरा इब्राहिम आदिलशाह इथून जवळच राज्य करत होता, त्याच्या दरबारात माणसांची आणि हत्तींची चित्रं रंगत होती. हुसेन पंढरपूरला जन्मले. हे सगळे आपल्यातलेच ना? तुमच्या मुलीनं देव घडवलेला नाही, आईचे कष्ट पाहिलेत." त्यांचे मत बदलले, असे मी म्हणणार नाही. पण त्यांनी वही मुलीला परत दिली.

मुलींचे शिक्षण कधी कधी अशा लहान जागी थांबते. आज वही बंद होते, उद्या सहल, परवा शाळा. म्हणून हा प्रश्न मला केवळ चित्राचा वाटत नाही.

शेवटी एक काम सांगते. शिक्षण हक्क कायदा 2009च्या अनुसूचीत लिहिले आहे की सहावी ते आठवीत शंभरपेक्षा जास्त मुले असतील, तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि निम्मी समिती स्त्रियांची आहे. पुढच्या बैठकीला मातांनी जावे, वेळापत्रक मागावे आणि विचारावे: चित्रकलेचा तास कोण घेते? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. निदेशक नसेल, तर मागणीचा ठराव त्याच बैठकीत करावा.