गोड गळ्याचें मोल

इ. स. १७७० सालीं डॉ. चार्ल्स बर्नी नांवाचा एक इंग्रज संगीतज्ञ आपल्या संगीतविषयक इतिहासाची सामुग्री जमविण्यासाठीं इटलींत हिंडत होता. तेथील देवळांतून व नाट्यगृहांतून ज्या गायकांचें गाणें ऐकून लोक देहभान विसरत, ते वयानें प्रौढ पुरुष असूनहि त्यांचा आवाज बालकासारखा उंच व निर्मळ असे. कारण कंठ फुटण्यापूर्वींच त्यांचें वृषणछेदन झालेलें असे. इटालियन भाषेंत त्यांना ‘कास्त्राती’ म्हणत. ही शस्त्रक्रिया कोणत्या शहरीं होते, अशी चौकशी बर्नीनें आरंभिली. मिलानमध्यें त्याला सांगण्यांत आलें कीं, ती व्हेनिसला होते. व्हेनिसकरांनीं बोलोन्याकडे बोट दाखविलें. बोलोन्यांत साफ इन्कार होऊन फ्लॉरेन्सचें नांव निघालें. फ्लॉरेन्सनें रोमकडे आणि रोमनें नेपल्सकडे त्याची रवानगी केली. गाणें सर्वांना हवें होतें. सुरी मात्र नेहमीं दुसऱ्या गांवची होती!

या प्रथेचें मूळ देवळांत आहे. धर्मसभेंत स्त्रियांनीं मौन पाळावें, या सेंट पॉलच्या वचनाच्या आधारें चर्चच्या गायकवृंदांत स्त्रियांना मज्जाव होता. बहुस्वरी प्रार्थनागीतांना तर टिपेचे आवाज अवश्य लागत. लहान मुलांचे गळे त्या कामीं येत. परंतु मुलगा गाण्यांत तयार होतो न होतो, तोंच त्याचा आवाज फुटे. या अडचणींतून सोळाव्या शतकांत ही क्रूर तोड निघाली. पोप पाचवा सिक्स्टस यानें १५८९ सालीं रोमच्या सेंट पीटर्स मंदिराच्या गायकवृंदांत अशा गायकांना अधिकृतपणें स्थान दिलें. विशेष हें कीं, वृषणहीन पुरुषांना विवाहाचा अधिकार नाहीं, असें याच पोपनें दोन वर्षांपूर्वीं, १५८७ सालीं ठरविलें होतें. गाण्यास पात्र, पण संसारास अपात्र, असा हा न्याय होता.

शस्त्रक्रियेमुळें मुलाच्या कंठांतील स्वररज्जू आखूडच राहत. उलट, हाडांची वाढ वेळेवर न थांबल्यानें हातपाय लांब व छाती रुंद होई. बालकाचा कंठ आणि प्रौढाचा दमसास यांचा असा योग निसर्गांत कोठेंहि आढळत नाहीं. पण केवळ सुरीनें गवई तयार होत नसे. नेपल्स शहरीं मूळच्या अनाथालयांतून वाढलेल्या चार संगीतशाळा होत्या. तेथें वर्षानुवर्षें कठोर मेहनत चाले. यांपैकीं सान्त’ओनोफ्रिओ या शाळेंत बर्नी गेला, तेव्हां तेथें सोळा कास्त्राती मुलें होतीं. सर्दीनें गळा बिघडूं नये, म्हणून त्यांना इतर मुलांपासून वेगळें, वरच्या मजल्यावरील उबदार खोल्यांत ठेवलें जाई. गळ्याची एवढी काळजी घेतली जात होती. त्या मुलांची इच्छा मात्र कोणीं विचारली नव्हती. शस्त्रक्रिया कायद्यानें निषिद्ध असल्यानें मूल घोड्यावरून पडलें, रानडुकरानें जखमी केलें, अशीं निमित्तें पुढें केलीं जात.

ज्यांचें दैव उघडलें, त्यांच्या पायाशीं राजवैभव लोळलें. कार्लो ब्रॉस्की ऊर्फ फारिनेल्ली हा १७०५ सालीं जन्मला. पोर्पोरा या थोर गुरूपाशीं त्यानें विद्या घेतली व १७३४ पासून तीन वर्षें लंडन गाजविलें. स्पेनचा राजा पाचवा फिलिप विषण्णतेनें ग्रासला होता, तेव्हां राणीनें १७३७ सालीं त्याला दरबारीं बोलावून घेतलें. त्यानंतर तो लोकांसमोर रंगभूमीवर कधींच गायला नाहीं. राजाच्या महालांत मात्र रात्रीमागून रात्री गात राहिला. बावीस वर्षें त्या दरबारीं मानानें राहून तो बोलोन्यास परतला व १७८२ सालीं तेथेंच वारला. परंतु एका फारिनेल्लीमागें किती मुलें उरलीं! अनेकांना एखाद्या देवळांतील तुटपुंज्या चाकरीवरच आयुष्य काढावें लागलें. ज्यांचा गळा पुढें गाण्याजोगा निघालाच नाहीं, त्यांनीं गमावलेलें कोण परत देणार?

एकोणिसाव्या शतकांत लोकांची अभिरुचि पालटली. मायरबेअरनें १८२४ सालीं वेलुत्ती या गायकासाठीं आपल्या संगीतिकेंत भूमिका रचली, ती या परंपरेची रंगभूमीवरील अखेरची मोठी भूमिका होय. पोपच्या सिस्टाइन मंदिरांत मात्र ही परंपरा विसाव्या शतकापर्यंत तग धरून राहिली. तेथील अलेस्सांद्रो मोरेस्कीच्या ध्वनिमुद्रिका १९०२ व १९०४ सालीं घेण्यांत आल्या. तो १९२२ सालीं निवर्तला. त्याच्या तबकड्या आजहि ऐकावयास मिळतात. खरखर करणाऱ्या त्या मुद्रणांतून एक उंच, आर्त स्वर येतो. तो ना बालकाचा, ना स्त्रीचा, ना पुरुषाचा.

त्या स्वराला दाद द्यावी कीं त्याबद्दल हळहळावें, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतो. गायकाच्या साधनेला दाद द्यावीच. ती त्याची स्वतःची कमाई होती. पण ज्या समाजानें मौजेचा वांटा स्वतःकडे घेतला आणि पापाचा वांटा शेजारच्या गांवीं धाडला, त्याला त्या दादेंतील कवडीहि देतां येत नाहीं. बर्नीला जें गांव सांपडलें नाहीं, तें नकाशावर नव्हतेंच. टाळ्या वाजविणाऱ्या प्रत्येक नाट्यगृहांत तें वसलेलें होतें.