वऱ्हाडचा सारा आणि लक्ष्मणगडच्या हवेल्या

हैदराबाद शहरात मंगळहाटाच्या बाजूस सीतारामबाग नावाचे एक विस्तीर्ण देवालय आहे. उंच दरवाजे, भक्कम तट आणि प्रशस्त आवार पाहून एखाद्या गढीत आल्याचा भास व्हावा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे देवालय बांधले पूरणमल गनेडीवाला या मारवाडी सावकाराने. पुष्कर येथील रंगनाथाचे दाक्षिणात्य घडणीचे मंदिरही १८२३ साली त्यानेच उभारले. या घराण्याचे दुसरे वैभव पाहावयाचे असेल, तर मात्र हैदराबाद सोडून थेट राजस्थानातील शेखावाटीत, सीकरजवळच्या लक्ष्मणगडास गेले पाहिजे.

लक्ष्मणगड हे जयपूरच्या धर्तीवर आखलेले गाव आहे. सरळ रस्ते एकमेकांस काटकोनात छेदतात आणि त्यांच्या मिलनस्थानी चौक लागतात. टेकडीवरील किल्ल्याच्या पायथ्याकडे पाहिले, की गनेडीवाल्यांची चार चौकांची हवेली नजरेत भरते. भिंती आत-बाहेर चित्रांनी मढलेल्या. चुन्याचा शेवटचा बारीक थर ओला असतानाच त्यावर रंग भरावयाचा आणि मग अकीकाने तो घोटावयाचा, अशी येथली जुनी रीत. रंग गिलाव्यात मुरतो, म्हणून ऊनपावसालाही दाद देत नाही. गेरू, नीळ, काजळी यांवर प्रारंभी काम भागे. पुढे जर्मनीहून रासायनिक रंग आले आणि भिंती अधिक भडक झाल्या. जुन्या रंगांची सौम्य शोभा त्यांना नाही. विषयही तसेच पालटले. कृष्णलीला, ढोला-मारू, हत्ती-उंटांच्या स्वारीशेजारी शेखावाटीच्या भिंतींवर साहेब, मोटार आणि आगगाडी येऊन बसली. आगगाडीचे डबे तर एकसारखी घरे ओळीने मांडावीत तसे दिसतात! ही चित्रे काढणारे चेजारे गवंडीही असत आणि चितारीही.

या वाळवंटी मुलुखात एवढा पैसा आला कोठून? व्यापारातून, हे सर्वश्रुत उत्तर. परंतु गनेडीवाल्यांपुरते मराठी माणसाने थोडे खोलात जावे. दिवाण चंदुलालच्या कारकीर्दीत निजाम सरकार सदैव कर्जात बुडालेले असे. सावकाराकडून आगाऊ रक्कम घ्यावी आणि त्याच्या हवाली परगण्यांची वसुली करावी, हा तेथला शिरस्ता. या पद्धतीने वऱ्हाडचा बराच मोठा भाग पूरणमलच्या मक्त्यात होता. १८३९ मध्ये तो काढून पेस्तनजी या पारशी पेढीस देण्यात आला. मक्तेदार बदलला, पण कुणब्याच्या खळ्यावरील तगादा बदलला नाही. मुदतीचा धनी जमिनीची चिंता कशास वाहील? अखेर १८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाडच इंग्रजांच्या स्वाधीन केला. हैदराबादच्या त्या पेढीच्या वैभवात अकोला-अमरावतीकडच्या काळ्या जमिनीचाही वाटा होता, हे ध्यानी घेऊन ही चित्रे पाहिली, तर ती कमी सुंदर दिसत नाहीत. पण निराळी दिसतात खास.

आज शेखावाटीतील अनेक हवेल्यांना कुलपे आहेत. मालकांचे वंशज कोलकाता, मुंबई, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाले. वारसदार पुष्कळ आणि डागडुजीस कोणी नाही, अशी अवस्था. कोठे ओल चढून पोपडे सुटतात, कोठे कोरीव दरवाजे जुन्या वस्तूंच्या बाजारात जातात, तर कोठे चित्रांवर सरळ सफेती फिरते. काहींची पथिकाश्रमे झाली, तेवढ्या वाचल्या. जाणाऱ्याने हिवाळ्यात जावे आणि सकाळी लवकर बाहेर पडावे. राखणदाराची परवानगी घेतली, तर आतला चौकही पुष्कळदा पाहावयास मिळतो.