डब्यावर ४० मीटर, पाण्यात १४ मीटर



आजचा विषय एका मेसेजवरून सुचला. मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की मोबाइल घेऊन डायव्हिंग केलं. त्यावर एका श्रोत्याने विचारलं, "दादा, माझा फोन आयपी ६८ आहे, मग केस कशाला?" प्रश्न बरोबर आहे. आणि उत्तर जरा मोठं आहे, म्हणून अख्खा भागच करूया.

आधी आयपी ६८ म्हणजे काय ते बघू. यातला ६ हा आकडा धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी. किती खोल आणि किती वेळ, हे कंपनी स्वतः जाहीर करते. बऱ्याच फोनना ते दीड मीटर आणि अर्धा तास असतं, काहींना ६ मीटर. आणि ही टेस्ट होते गोड्या, स्थिर पाण्यात. समुद्राचं पाणी खारं, हलतं, त्यात वाळू. शिवाय पाण्यात टचस्क्रीन नीट चालत नाही, बोट कुठलं आणि पाणी कुठलं हे तिला कळत नाही. म्हणून लागतं हाउसिंग. म्हणजे एक कडक डबा, पुढे काच, बाहेरून दाबायची बटणं, आणि झाकणाच्या खोबणीत रबराची गोल रिंग. तिला ओ-रिंग म्हणतात.

मी जे हाउसिंग घेतलं त्याच्या खोक्यावर ४० मीटर लिहिलं होतं. आता मी काम करतो सॉफ्टवेअरमध्ये. आमच्याकडे कुणी सांगितलं की "माझ्या लॅपटॉपवर चालतंय", तर आपण लगेच प्रॉडक्शनला टाकत नाही ना? तसंच इथे. आणि आत जो फोन जाणार त्याचे हप्ते अजून चालू होते.

थोडं गणित करू, फार नाही. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरणाएवढा दाब वाढतो. माझ्या डब्याची पाठ साधारण १० सेंटिमीटर बाय २० सेंटिमीटर, म्हणजे २०० चौरस सेंटिमीटर. १० मीटरवर तेवढ्या भागावर पाणी जवळजवळ २०० किलोचा जादा जोर लावतं. दोन-अडीच माणसं डब्यावर उभी आहेत असं समजा.

गंमत अशी की ओ-रिंगला हा दाब आवडतो. पाणी तिला खोबणीत आणखी घट्ट दाबून बसवतं. म्हणून बऱ्याचदा डबा गळतो तो खोलात नाही, तर वरच्या एक-दोन मीटरमध्ये. तिथे दाब कमी असतो आणि रिंगखाली एखादा केस, वाळूचा कण किंवा टॉवेलचा धागा राहिला असेल तर तेवढी वाट पाण्याला पुरते. हे दुखणं जुनं आहे बरं का. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये वेमथच्या खाडीत विल्यम थॉम्पसन यांनी पेटीत कॅमेरा घालून तो पाण्यात सोडला. पेटीत पाणी शिरलं, तरी एक अंधुक फोटो आलाच. आपल्या फोनचं नशीब इतकं चांगलं नसतं.

तर मी टप्पे केले. प्रत्येक टप्प्यात एकच गोष्ट बदलायची, म्हणजे काही बिघडलं तर कशामुळे ते कळतं.

पहिला टप्पा, बादली. डब्यात फक्त टिश्यू पेपर. तासभर पाण्यात दाबून ठेवला, टिश्यू कोरडा.

दुसरा टप्पा, व्हॅक्यूम. हाउसिंगला छोटी व्हॉल्व्ह आहे, हातपंपाने आतली हवा काढता येते. बऱ्याच फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, बॅरोमीटर. माझ्या जुन्या फोनमध्ये तो होता, मग त्याच्यासाठी एक छोटं ॲप लिहिलं. दर सेकंदाला दाब आणि बॅटरीचं तापमान फाइलमध्ये लिहायचं, बस. पुण्यात हवेचा दाब साधारण साडेनऊशे हेक्टोपास्कल असतो. डब्यातला मी ८०० वर आणला आणि अर्धा तास वाट बघितली. दाब वर चढला तर कुठूनतरी हवा आत येते आहे. पण तापमानही बघावं लागतं. फोन ५ अंशांनी तापला तर गळती नसतानाही दाब १३-एक हेक्टोपास्कलने चढतो. नुसता दाब बघून घाबरायचं नाही, दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे.

आता इथे नीट ऐका. ८०० आणि ९५० मधला फरक दीडशे. हा दीडशेचा दाब म्हणजे पाण्यात किती खोली? फक्त दीड मीटर! म्हणजे व्हॅक्यूम टेस्ट केस, कण, वाकडी बसलेली रिंग पकडते, आणि ते फार कामाचं आहे. पण १५ मीटरवर डबा कसा वागेल याबद्दल ती काहीही सांगत नाही. ते कळायला पाण्यातच जावं लागतं.

म्हणून तिसरा टप्पा, मालवण. पावसाळा संपून पाणी निवळलं की तारकर्ली-मालवणला डायव्हिंग सुरू होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी उथळ आहे, टेस्टसाठी उत्तम. पहिल्या डाइव्हला डब्यात फोन नाही. टिश्यू आणि फोनच्या वजनाएवढे शिशाचे तुकडे. वजन कशाला? कारण माझा डबा सव्वा लिटरचा आहे आणि फोनसकट वजन ९०० ग्रॅम. सव्वा लिटर समुद्राचं पाणी भरतं १२८० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे डबा सतत पावणेचारशे ग्रॅमने वर ओढत राहतो. पाऊण तास तो हातात धरून बघा, मनगट बोलायला लागतं.

दुसऱ्या डाइव्हला जुना फोन, ॲप चालू. इथे बादलीत न दिसलेली गोष्ट दिसली. बोटीवर ऊन होतं, डबा बंद करताना आत मालवणची दमट हवा गेली आणि पाण्यात काच थंड झाल्यावर आतून धुकं धरलं. अर्धं फुटेज पांढरं. उपाय सोपा आहे, डबा एसी असलेल्या खोलीत बंद करायचा, आत सिलिका जेलची पुडी टाकायची आणि बोटीवर ओल्या टॉवेलखाली ठेवायचा.

चौथा टप्पा, कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट. तिथे जास्त खोल जाता येतं. माझं सर्टिफिकेट १८ मीटरपर्यंतचं आहे, त्यामुळे ४० मीटर तपासायचा प्रश्नच नव्हता. १४ मीटरच्या आसपास रेकॉर्डचं बटण दाबलं ते वर आलंच नाही. पाण्याच्या दाबापुढे आतली स्प्रिंग कमी पडली. फोनला वाटलं बोट दाबूनच ठेवलंय. वर येताना १० मीटरवर बटण आपोआप सुटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, जवळपास त्याच खोलीला. डब्यात पाण्याचा थेंब नाही, लॉगमध्ये दाब सरळ रेषेत. म्हणजे ४० मीटरचा दावा "पाणी शिरणार नाही" इतकाच असावा. "वापरता येईल" हे त्यात धरलेलं नव्हतं. कंपनीला लॉग आणि व्हिडिओ पाठवलाय, उत्तर यायचंय.

आता आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. डब्याची टेस्ट झाली, पण डबा धरणाऱ्या माणसाची?

मालवणला आमच्या इन्स्ट्रक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कॅमेरो हातात इलो काय माणूस श्वास घेवक विसारता." म्हणून एका डाइव्हला मी माझ्या बडीला एकच काम दिलं. मासे बघायचे नाहीत, फक्त मला बघायचं. मी एअर गेज किती वेळा बघतो आणि माझे बुडबुडे कधी थांबतात, हे पाटीवर टिपायचं. आधी कॅमेरा न घेता, मग कॅमेरा घेऊन. पाटी बघून मी गप्प झालो. कॅमेरा हातात असताना गेज बघणं निम्म्याच्याही खाली आलं होतं. आणि शॉट स्थिर यावा म्हणून बुडबुडे मध्ये मध्ये थांबत होते.

हे का धोक्याचं आहे ते सांगतो. १० मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास चालू असेल तर ती बाहेर पडते. श्वास रोखलेला असेल आणि तुम्ही वर जात असाल, तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. आता आठवा, हातातला डबा तुम्हाला वर ओढतोय, तुम्ही स्क्रीनमध्ये बघताय, आणि शॉटसाठी श्वास धरलाय. तिन्ही गोष्टी एकाच वेळी. फोन भिजला तर हप्ते भरता येतात.

म्हणून टेस्टनंतर मी स्वतःसाठी नियम केलेत. हे हाउसिंग १२ मीटरच्या खाली नेत नाही. डब्याला खालून वजन लावून त्याची ओढ जवळजवळ शून्य केली आहे. क्लिप ३० सेकंदांची, प्रत्येक क्लिपनंतर गेज. वर येताना कॅमेरा बंद, पट्ट्याला अडकवलेला. आणि प्रवाळाला टेकून शॉट घ्यायचा नाही, तो जिवंत आहे.

तुम्ही मालवणला पहिल्यांदाच स्कूबा करणार असाल तर माझं ऐका, कॅमेरा नेऊच नका. बहुतेक ठिकाणी पॅकेजमध्ये ते लोकच व्हिडिओ काढून देतात. तुम्ही फक्त श्वास घ्या आणि बघा.

आणि ज्यांच्याकडे हाउसिंग आहे त्यांच्यासाठी शेवटचं. डाइव्हनंतर डबा आधी गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, बटणं तिथेच दाबून मीठ काढा. पूर्ण पुसून, कोरड्या हातांनी, तोंड खाली धरून उघडा. रिंगला ग्रीस लावताना हात आखडता ठेवा, रिंग नुसती चमकली पाहिजे, जास्त झालं की वाळू चिकटते. ग्रीस कंपनीने सांगितलंय तेच, कारण सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं तर ती फुगू शकते.

ॲपचा कोड हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो. तुमच्या हाउसिंगची बटणं किती मीटरला अडकली तेही कळवा, आपण मिळून यादी करू.

चला, पुढच्या भागात भेटू. श्वास चालू ठेवा!