सॉफ्टवेअर बसत नाही तेव्हा



आजचा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला थोडा अनोळखी असला, तरी तो आपल्यापैकी अनेकांच्या घरात किंवा कचेरीत येऊन गेलेला आहे. नवं सॉफ्टवेअर आणलं, सेटअप चालवला आणि मध्येच चौकट उघडली: ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही.’ हिशेबनीस, शाळेचा लिपिक, ग्रंथपाल असे सगळे इथे अडतात. मग कुणीतरी सुचवतं, ‘फॉरमॅट मारून घ्या.’ दुसरा कुणीतरी इंटरनेटवरून नेमकी तेवढीच फाइल उतरवून आणतो. या दोन्ही उपायांच्या विरुद्ध बोलण्यासाठी मी आज उभा आहे. अशा वेळी बहुधा संगणक बिघडलेला नसतो आणि सॉफ्टवेअरही सदोष नसतं. सॉफ्टवेअर ज्याच्या आधारावर उभं राहतं, तो एखादा घटक तिथे हजर नसतो. तो कोणता, हे शोधण्याची एक रीत आहे आणि ती कुणालाही शिकता येते.

आधी हे अवलंबन येतं कुठून, ते पाहू. कोणताही प्रोग्रॅम सगळी कामं स्वतः करत नाही. मेमरी मागणं, फाइल उघडणं, अक्षरं जुळवणं ही कामं हजारो प्रोग्रॅमना सारखीच लागतात, म्हणून ती सामायिक संचांत ठेवलेली असतात. विंडोजवर सी प्लस प्लस भाषेत लिहिलेल्या असंख्य प्रोग्रॅमना मायक्रोसॉफ्टचा ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल’ हा संच लागतो. इतर अनेकांना ‘डॉट नेट फ्रेमवर्क’ लागतं. यात जागा वाचते, आणि सामायिक संचातली सुरक्षेची त्रुटी एका ठिकाणी दुरुस्त केली की तो वापरणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमना लाभ होतो.

या सोयीची किंमत विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात लोकांनी मोजली. एका प्रोग्रॅमने सामायिक फाइलची, म्हणजे डीएलएलची, आपली आवृत्ती आणून जुनीवर चढवायची आणि त्यामुळे दुसरा प्रोग्रॅम बंद पडायचा, असं सर्रास होई. ‘डीएलएल हेल’ हे त्या त्रासाचं नाव तेव्हापासून रूढ आहे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीने वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू देण्याची व्यवस्था पुढे नेली. आजही तुमच्या संगणकावरच्या प्रोग्रॅमच्या यादीत ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ हे नाव २००८, २०१०, २०१३ अशा वर्षांसह अनेकदा दिसतं. अनेकजण ती पुनरावृत्ती समजून साफसफाईत काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी चालता प्रोग्रॅम उघडत नाही. यादीतली ही नावं काढू नका. त्यातल्या प्रत्येकावर कुणीतरी अवलंबून असू शकतं.

आता रीत सांगतो. पहिली पायरी म्हणजे संदेश पूर्ण वाचणं आणि त्यातलं नाव लिहून घेणं, कारण निदान त्या नावातच असतं. ‘१४०’ हा आकडा असेल, तर २०१५ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांसाठीचा एकच संच पुरतो. ‘१२०’ असेल तर २०१३ चा, ‘१००’ असेल तर २०१० चा संच वेगळा बसवावा लागतो. आकड्याच्या पुढे ‘डी’ हे अक्षर असेल, म्हणजे ‘व्हीसीरनटाइम१४०डी’ असं नाव असेल, तर दोष तुमच्याकडे नाही. प्रोग्रॅम बनवणाऱ्याने चाचणीसाठीची प्रत तुम्हाला दिली आहे, आणि योग्य प्रत त्यालाच मागावी लागेल.

दुसरी पायरी ३२ आणि ६४ बिटची. इथे जाणकारही चुकतात. संगणक ६४ बिटचा आहे म्हणून ६४ बिटचा संच बसवला, तरी तोच संदेश पुन्हा येतो; कारण प्रोग्रॅम ३२ बिटचा असतो आणि त्याला ३२ बिटचाच संच लागतो. म्हणून ६४ बिटच्या विंडोजवर दोन्ही संच बसवावेत.

तिसरी पायरी म्हणजे साखळी ओळखणं. हरवलेल्या घटकालाही स्वतःची पूर्वअट असते. जुन्या विंडोज ७ वर २०१५ चा सी प्लस प्लस संच बसवताना अनेकांना ‘८०२४००१७’ने संपणारी त्रुटी आली. त्या संचाला ‘युनिव्हर्सल सी रनटाइम’चं अपडेट, म्हणजे केबी२९९९२२६, हवं होतं आणि त्या अपडेटला आधी सर्व्हिस पॅक १ हवा होता. लोक वरच्या टोकाशी झगडत राहिले आणि अडचण तीन पायऱ्या खाली होती. विंडोजचा त्रुटी क्रमांक १२६ हेच शिकवतो. ‘मॉड्यूल सापडत नाही’ असं तो म्हणतो, पण बरेचदा ते मॉड्यूल जागेवरच असतं आणि त्याला लागणारं दुसरं काहीतरी नसतं. म्हणून साखळी तळाशी जाऊन शोधायची आणि तळापासून वर बसवत यायचं.

डॉट नेट ३.५ ची कथा याहून वेगळी. विंडोज ७ मध्ये ते सोबतच येत असे. विंडोज ८ पासून ते सुरुवातीला बंद असतं आणि मागितल्यावर इंटरनेटवरून आणावं लागतं. जुनी हिशेबाची किंवा ग्रंथालयाची सॉफ्टवेअर नव्या संगणकावर इथे अडतात. ४.८ आवृत्ती असली तरी ३.५ ची गरज ती भागवत नाही. ‘८००एफ०८१एफ’ने संपणारी त्रुटी आली, तर विंडोजला मूळ फाइल्स सापडलेल्या नाहीत असं समजावं. तेव्हा त्याच आवृत्तीच्या विंडोजची डिस्क किंवा आयएसओ घेऊन तिच्यातलं ‘सोर्सेस’मधलं ‘एसएक्सएस’ हे फोल्डर ‘डीआयएसएम’ या आज्ञेला दाखवून द्यावं. इंटरनेट नसलेल्या गावातही हे काम होतं.

चौकटीत नाव नसेल आणि नुसता ‘१६०३’ हा आकडा असेल, तर? १६०३ म्हणजे ताप. रोग कोणता ते तो सांगत नाही. अशा वेळी सेटअपची नोंदवही, म्हणजे लॉग, वाचायची. एमएसआय, म्हणजे विंडोज इन्स्टॉलरच्या प्रकारचा सेटअप सविस्तर लॉग लिहिण्याच्या सूचनेसह चालवता येतो. त्या लांबलचक लॉगमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द शोधा आणि त्याच्या लगेच वरच्या ओळी वाचा. खरं कारण बहुधा तिथे असतं. आणि ‘३०१०’ हा आकडा दिसला तर घाबरू नका. काम झालेलं आहे, संगणक एकदा बंद करून चालू करायचा आहे.

एक इशारा मात्र कळकळीने देतो. सुटी डीएलएल फाइल देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर जाऊ नका. त्या फाइलमध्ये काय भरलं आहे, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. ती चांगली निघाली तरी एकटीच येते. तिच्या सोबत्यांशिवाय साखळी पुन्हा तुटते, आणि पुढची अपडेट्सही तिला मिळत नाहीत. पूर्ण संच घ्या आणि तो मूळ निर्मात्याकडूनच घ्या.

हे सगळं वापरणाऱ्यानेच का सोसावं, हा प्रश्न रास्त आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या संगणकावर व्हिज्युअल स्टुडिओ हे प्रोग्रॅम लिहिण्याचं साधन असतं, सारे संच आधीच हजर असतात. त्यामुळे उणीव त्याला कधी दिसतच नाही. म्हणून कोऱ्या संगणकावर चाचणी घेणं हे त्याचं कर्तव्य आहे. वापरणाऱ्याचा हा त्रास टाळता येतो, याचा दाखला जुना आहे. १९९९ साली डेबियन लिनक्सच्या २.१ आवृत्तीत ‘एपीटी’ आलं. एखादं पॅकेज मागितलं की त्याला काय काय लागतं याचा हिशेब करून ते सगळं स्वतः आणणारी ही व्यवस्था तेव्हाच सामान्य वापरकर्त्याच्या हाती आली होती.

या सभागृहात सॉफ्टवेअर लिहिणारे तरुण असतील. त्यांना माझी विनंती आहे की लागणारे संच सेटअपमध्येच द्या, आणि ते जमत नसेल तर काय नाही, ते कुठून आणायचं, हे स्वच्छ मराठीत सांगा. आणि वापरणाऱ्या सर्वांना विनंती, की चौकट आली की ती बंद करण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो घ्या, नाव वाचा, आणि फॉरमॅट मारण्याची परवानगी त्यानंतरच, अगदी शेवटी द्या.