रिकामी खोली आणि सिंहस्थ
(मंडळाच्या सभागृहात पर्यटन व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आम्ही प्राध्यापक नाही. हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेऊन राज्य शासनाच्या पर्यटन विभागात लागलेली आम्ही माणसे. आमची बरीच वर्षे काउंटरमागे, चाव्या आणि नोंदवही सांभाळण्यात गेली. त्यामुळे आज व्याख्या कमी आणि हिशेब जास्त होईल. आई-वडीलही आले आहेत हे बरे झाले, कारण अर्धा विषय त्यांचाच आहे. इंदूर-उज्जैनच्या आपल्या कितीतरी घरांत सध्या एक चर्चा चालू आहे. २०२८ चे सिंहस्थ जवळ आले, जुन्या वाड्याच्या चार खोल्या नीट करून पाहुणे ठेवायचे का? मुलगा नाहीतरी हाच कोर्स करतो आहे!

तुमच्या पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात हेन्री फेयॉल भेटतील. हे फ्रान्समधले खाण अभियंता. नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण ही व्यवस्थापनाची पाच कामे, असे त्यांनी १९१६ साली मांडले. परीक्षेला येतात, पाठ करा. पण एक ध्यानात ठेवा, फेयॉल कोळशाच्या धंद्यातले. आज न खपलेला कोळसा उद्या खपतो. महेश्वरी साडी आज गेली नाही तर दिवाळीला जाईल. आपल्या खोलीची आजची रात्र मात्र आज विकली नाही तर गेलीच. उद्या त्याच खोलीचे दुप्पट भाडे मिळाले तरी ते उद्याच्या रात्रीचे. पुस्तकात याला सेवेची नाशवंतता म्हणतात. पर्यटनाचे सगळे व्यवस्थापन, म्हणजे भाव, जाहिरात, नोकर, कर्ज, या एका गोष्टीभोवती फिरते.

रेल्वेचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, दुरांतो आणि शताब्दीला बदलते भाडे लागू झाले. दर दहा टक्के जागा भरल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढायचे. लोक चिडले, अजूनही चिडतात. पण सुटलेल्या गाडीतली रिकामी खुर्ची आणि उजाडलेली रिकामी खोली यांचे दुःख एकच. अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठल्यावर विमान कंपन्यांनी हे गणित बसवले आणि पुढे मोठ्या हॉटेलांनी ते उचलले.

आता वाड्याकडे वळू. आकडे आम्ही कल्पनेचे घेतो, तुम्ही घरी जाऊन आपले घाला. चार खोल्या आहेत. न्हाणीघरे, वायरिंग, रंग, गाद्या यासाठी बारा लाखांचे कर्ज काढले, अकरा टक्के व्याजाने, सात वर्षांसाठी. हप्ता सुमारे साडेवीस हजार. मदतनीस बाईंचे दहा हजार. इंटरनेट, पाणी, घरपट्टी आणि किरकोळ दुरुस्ती मिळून साडेपाच हजार. म्हणजे पाहुणा येवो न येवो, महिन्याला छत्तीस हजार जाणारच. हा झाला स्थिर खर्च.

भाडे दीड हजार ठेवले. एक खोली एका रात्रीसाठी गेली की चादरी धुणे, चहा-पोहे, वीज आणि बुकिंग करून देणाऱ्या ॲपचे कमिशन मिळून सहाशे खर्च होतात. हा बदलता खर्च. उरले नऊशे. छत्तीस हजाराला नऊशेने भागा. चाळीस. महिन्यात चाळीस खोली-रात्री विकल्या की नफाही नाही, तोटाही नाही. एकूण खोली-रात्री एकशे वीस, म्हणजे एक तृतीयांश भरल्या की पुरे.

हे ऐकून सगळ्यांचे चेहरे खुलतात! पण थोडे थांबा. शहरात फिरायला येणारा पाहुणा शनिवार-रविवारचा. महिन्यात अशा रात्री आठ, कधी नऊ. चारही खोल्या आठही रात्री भरल्या तरी बत्तीस. आठ कमीच. त्या आठ रात्री सोमवार ते शुक्रवार कुठून आणायच्या, हा खरा प्रश्न, आणि तुमच्या कोर्समधले विपणन नावाचे प्रकरण त्यासाठीच आहे. इंदूरला उत्तर आहे. इथे रुग्णालये आहेत, आयआयटी आहे, आयआयएम आहे, परीक्षा केंद्रे आहेत. मधल्या वारी रुग्णाचे नातेवाईक येतात, परीक्षार्थींचे पालक येतात. त्यांना राजवाडा बघायचा नसतो. पहाटे पाचला गरम पाणी आणि पथ्याची खिचडी हवी असते. जे घर हे देईल तिथे मंगळवारीही दिवा जळेल. मांडूला पावसाळ्यात जागा मिळत नाही आणि मे महिन्यात सगळे ओस, तसे शहरात होत नाही. हा आपला फायदा आहे.

दुसरी खोड भाव पाडण्याची. शेजारच्याने बाराशे केले म्हणून आपणही बाराशे करायचे. कमिशन थोडे घटेल, बदलता खर्च साडेपाचशे होईल, उरतील साडेसहाशे. आता छत्तीस हजाराला साडेसहाशेने भागा. छप्पन्न रात्री लागतात. भाव वीस टक्के उतरला आणि काम चाळीस टक्के वाढले. हे आम्ही अनेक मालकांना कागदावर करून दाखवले आहे. पटते, पण शेजारच्याची पाटी दिसली की विसरते. मात्र रात्री नऊला कुणी दारात उभे राहिले आणि हजार रुपये देतो म्हणाले, तर? कमिशन नाही, खर्च साडेतीनशे, साडेसहाशे शिल्लक. द्यावी खोली. रोजचा भाव पाडणे वेगळे आणि आजची मरणारी रात्र वाचवणे वेगळे. फक्त रोज नऊला सूट मिळते असा बोभाटा झाला, तर पाहुणे मुद्दाम नऊलाच येतील.

आता सिंहस्थ. गुरू सिंह राशीत आला की बारा वर्षांनी आपल्याकडे पर्वणी, जशी नाशिक-त्र्यंबकेश्वरलाही असते. मागचे उज्जैनचे सिंहस्थ एप्रिल-मे २०१६ मध्ये झाले. त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुले झाले. उज्जैनची गर्दी आता एरवीही असते हे खरे. पण कर्ज काढणारे लोक बोलतात ते त्या एका महिन्याबद्दल. बोलू या. समजा तो पूर्ण महिना चारही खोल्या पाच हजाराने गेल्या. खर्च पाचशे धरला तर एका रात्रीचे साडेचार हजार. एकशे वीस रात्रींचे पाच लाख चाळीस हजार. आणि कर्ज? साडेवीस हजारांचे चौऱ्याऐंशी हप्ते, मिळून सव्वासतरा लाखांच्या आसपास. बारा वर्षांतला सर्वोत्तम महिना, एकही रात्र रिकामी नाही, तरी परतफेडीचा तिसरा हिस्सा निघत नाही.

म्हणून वाडा करू नका, असे आम्ही म्हणत नाही. जो वाडा साध्या महिन्यात, आषाढातल्या बुधवारी, आपल्या पायावर उभा राहतो तोच करा. सिंहस्थाचे पैसे वरचे समजा. आधी दोन खोल्या करून पाहिल्या तर कर्ज अर्धे आणि शिकणे पूर्ण.

हिशेबाबद्दल एक गोष्ट मराठी माणसाला इंदुरात शिकवावी लागू नये. होळकरांकडे दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा असे. अहिल्याबाईंनी काशी, गया, सोमनाथपर्यंत घाट, मंदिरे, धर्मशाळा उभारल्या त्या खासगीच्या उत्पन्नातून. आणि आपण पाहुण्याने दिलेल्या दीड हजारातून घरची भाजी आणतो! बँकेत खाते वेगळे काढा. घरातल्या सुनेने चादरी बदलल्या, सकाळी पोहे केले, तर तिच्या कामाची रक्कम वहीत लिहा. ती लिहिली नाही की धंदा नफ्यात दिसतो आणि सून थकते. वरच्या हिशेबात मदतनीस बाईंचे दहा हजार आम्ही मुद्दाम धरले होते.

ग्राहकाशी संबंध राखणे हे तुम्हाला संगणकावर शिकवतील. आपले तीर्थोपाध्ये ते पिढ्यान्‌पिढ्या करत आले. गाव आणि आडनाव सांगितले की वही उघडतात आणि आपल्या पणजोबांची नोंद दाखवतात. यजमान दुसऱ्याकडे जातो कशाला? तुमच्या वहीत इतके तरी असावे की मागच्या खेपेला यांच्या आईंना जिना चढवत नव्हता, यांना खालची खोली द्यावी.

परवानग्यांचे थोडक्यात सांगतो. होम स्टेची नोंदणी पर्यटन मंडळाकडे होते. जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी. पाहुण्याचे ओळखपत्र बघितल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, ओळखीतल्यांचीही भीड धरायची नाही. परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांच्या आत कळवावे लागते.

आणि मुलांनो, पहिल्या नोकरीत तुमच्या हाती बहुधा रात्रपाळी येईल. घरचे म्हणतील, एवढा कोर्स करून किल्ल्या वाटतो. वाटू द्या. रात्री बाराला दिवसाचा हिशेब बंद होतो तेव्हा तिथे बसलेल्यालाच कळते की आज किती खोल्या गेल्या, सरासरी भाव काय पडला, कोण न येताच राहिला. सहा महिने तो कागद स्वतः भरा. मालकाला जे समजायला दहा वर्षे लागतात ते त्यात दिसते.

ज्यांच्या घरी वाड्याचा विचार खरोखर चालू आहे त्यांनी विसर्जनानंतरच्या रविवारी मंडळात यावे. येताना वीजबिल, घरपट्टीची पावती आणि बँकेने सांगितलेला हप्ता आणा. खोल्यांचे फोटो नकोत.