गाडी साडेसहा लाखांची, पार्ट मात्र पन्नास लाखांच्या गाडीचे

गेल्या महिन्याभरात बऱ्याच जणांचा एकच मेसेज आलाय: "दादा, सहा-सात लाखांत जर्मन सेडान मिळतेय, घेऊ का?" आज त्यावरच बोलतो. माझा अधिकार एवढाच, की मी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण गाडी वाईट नाहीये. हिशोब माझा चुकला.

2011 चं डिझेल मॉडेल, 2022 मध्ये साडेसहा लाखांत घेतलं. दिल्ली पासिंग. दिल्लीच्या एवढ्या गाड्या आपल्याकडे का येतात? दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवर तिथे 2015 मध्ये हरित लवादाने बंदी घातली आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. मग एनओसी काढून गाड्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात जायला लागल्या. एमएच-14 वर घेताना इथला टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो मी धरलाच नव्हता. बाबा म्हणाले, "एवढ्यात नवी वॅगनआर आली असती." मी हसलो होतो.

आता मुख्य गोष्ट ऐका. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, पार्टची उतरत नाही. शोरूममध्ये ही गाडी पन्नास लाखांच्या घरात होती आणि तिचे पार्ट आजही त्याच हिशोबाने मिळतात. तुम्ही सेकंडहँड गाडी घेता, पण कंट्रोल आर्म सेकंडहँड भावात कुणी देत नाही.

पहिला दणका बसला चुलतभावाच्या लग्नात. टाकव्यात लांब काळी गाडी आली म्हटल्यावर नवरदेवाची गाडी तीच, हे न बोलता ठरलेलं असतं. आदल्या रात्री फुलं लावून अंगणात उभी केली. सकाळी बघतो तर पुढून पार खाली बसलेली, बंपर जमिनीला टेकायचा बाकी. काका म्हणाले, "नमस्कार करतीय का रे?" भाऊ अर्टिगातून गेला. मी मांडवात तोंड लपवत फिरत होतो.

झालं काय होतं? या गाडीला लोखंडी स्प्रिंग नाहीत, हवेचे रबरी फुगे आहेत. दहा-बारा वर्षांत रबराला बारीक चिरा पडतात आणि रात्रभर हवा निघून जाते. सकाळी कॉम्प्रेसर ती परत भरतो. तो थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेला असतो. रोज जास्त पळाला की जळतो. म्हणजे फुगा वेळेत बदलला नाही तर कॉम्प्रेसरचंही बिल येतं. माझं तेच झालं. पुढचे दोन्ही स्ट्रट आणि कॉम्प्रेसर, एक लाख साठ हजार. तेही बाहेरच्या कंपनीचे.

म्हणून घेण्याआधी गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवायला सांगा. टायर आणि मडगार्डमध्ये किती बोटं जातात ते रात्री मोजा, सकाळी परत मोजा. डीलर कुरकुरला तर उत्तर मिळालं.

दुसरी गोष्ट खास आपल्या मावळासाठी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. टाकव्यात त्यापेक्षा कमी, तरी गाडीला पुरून उरतो. सनरूफ पाणी पूर्ण अडवत नाही, हे मला माहीतच नव्हतं. कडेने आलेलं पाणी चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जातं. मी गाडी आंब्याखाली लावायचो. मोहर, पाला, माती, नळ्या तुंबल्या. पाणी थेट कार्पेटखाली, आणि कार्पेटखाली इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल!

जुलैत स्क्रीनवर एकदम सतरा एरर. मी कोडवाला माणूस, सतरा एरर म्हणजे सतरा बिघाड नसतात हे ऑफिसमध्ये रोज ज्युनिअर मुलांना सांगतो. लॉगमध्ये पहिला एरर शोधायचा, बाकीचे त्याच्या मागून आलेले असतात. पण घाबरून मी तेच विसरलो. एका गॅरेजने गिअरबॉक्सचा सेन्सर सांगितला, दुसऱ्याने एबीएस. शेवटी कान्हे फाट्याकडच्या एका मिस्त्रींनी स्कॅनर न लावता चप्पल काढली, पाय आत ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, खाली ओल आहे." मॉड्यूल आणि वायरिंग मिळून 72 हजार. नळ्या साफ करायला वर्षातून पंधरा मिनिटं लागतात. फुकट.

बाकीचं पटकन. बॅटरी 24 हजार. ती कमजोर झाली तरी खोटे एरर येतात, म्हणून आधी तीच तपासा. इंद्रायणीच्या पुलापासून घरापर्यंतच्या खड्ड्यांनी पुढचे आर्म आणि बुश खाल्ले, 85 हजार. गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर 38 हजार. ऑटोमॅटिकचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही असं कुणी म्हणालं, तर कुणाच्या आयुष्यभर ते विचारा. एकूण तीन वर्षांत तीन लाख 79 हजार. डिझेल, टायर, विमा, नेहमीची सर्व्हिसिंग वेगळी.

आणि हो, एक्सप्रेसवेवर ती अजूनही अशी पळते की सगळं विसरायला होतं. हीच अडचण आहे.

मागच्या महिन्यात विकायला काढली. तळेगावहून एक मुलगा आला, पहिली नोकरी, पर्सनल लोन मंजूर झालेलं. चक्कर मारून आला तेव्हा त्याचा चेहरा अगदी 2022 मधल्या माझ्यासारखा. कार्पेट कोरडं होतं, एरर एकही नाही. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, आणि पैशांची मला गरज होती. मी आत जाऊन बिलांची फाइल आणली. ओल्या मॉड्यूलचे फोटोही दाखवले.

तो ओट्यावर बसून एकेक पान वाचत होता. आईने चहा दिला, तो गार झाला. शेवटी म्हणाला, "दादा, मी आज टोकन द्यायलाच आलो होतो." फाइलचे फोटो काढून गेला. अजून फोन नाही.

2026 मध्ये गाडीला 15 वर्षं होतायत. म्हणजे परत पासिंग, वर पर्यावरण कर. सध्या ती अंगणात आहे, आंब्यापासून लांब, वर ताडपत्री. तुमच्याकडे असलं एखादं बिल असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात लावतो.