मांजराच्या ताटलीत काय वाढावं?

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. हृदयासाठी आणि डोळ्यांसाठी लागणारं टॉरिन त्याला प्राणिज अन्नातूनच मिळतं. नुसत्या दूध-पोळीवर त्याचं भागत नाही. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय कमकुवत होतं. त्यांनी तपासलेली मांजरं तयार खाद्यावरच वाढत होती! त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं.

मग कच्चं मांस द्यावं का? नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं, त्यामुळे पिल्लांची हाडं ठिसूळ होतात. काही कच्च्या मासळीमुळे ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. साल्मोनेलासारखे जंतू फ्रीजरमध्येही टिकतात आणि घरातल्या गरोदर बाईला, लहान मुलांना त्यांचा धोका असतो. 2024च्या अखेरीस अमेरिकेत कच्च्या खाद्यातून मांजराला बर्ड फ्लू झाल्याचंही आढळलं.

म्हणून बहुतेक घरांसाठी तयार खाद्यच सुरक्षित. पाकिटावर ‘संपूर्ण आणि संतुलित’ असं लिहिलंय का, ते कोणत्या वयासाठी आहे, हे जरूर पाहा. कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम 10 टक्के, ओल्या खाद्यात सुमारे 75 टक्के. तेव्हा दाण्यांबरोबर भरपूर पाणी ठेवा. घरचं द्यायचं तर बिनमिठाचं, काटे काढलेलं, शिजवलेलं आणि थोडंसंच.

खाद्य बदलताना सात ते दहा दिवस घ्या. मांजरानं दिवसभर तोंडच लावलं नाही, तर थांबू नका, पशुवैद्यांना दाखवा.